धरमतरचे ‘तर’

मराठीत ‘तर’ हा शब्द दोन नोकऱ्या करतो. पहिली कायमची, जर-तर मधली. ‘पाऊस थांबला तर जाऊ’ म्हणायचे आणि पाऊस थांबला की नवी सबब शोधायची, हा आपला जुना शिरस्ता. दुसरी नोकरी आता निवृत्तीला आली आहे. तर म्हणजे नदी-खाडी ओलांडून नेणारी होडी. रायगड जिल्ह्यात पेण आणि अलिबागच्या मधे अंबा नदी समुद्राला भेटण्याच्या खटपटीत चांगली रुंद होते, तिथे खाडीकाठी धरमतर आहे. नावातच धर्म आहे आणि तरही आहे. व्युत्पत्ती काय असायची ती असो, मी मात्र ते नाव ‘धर्म काय? तर...’ असे अर्धवट वाक्य म्हणून वाचतो. पुढचा भाग हवेवर अवलंबून.

एके काळी मुंबईहून निघालेला माणूस आगबोटीने नाहीतर मचव्याने धरमतरला उतरे आणि पुढे टांग्याने किंवा मोटारीने पेण, महाडच्या वाटेला लागे. आता खाडीवर पूल आहे आणि पाण्यात प्रवाशांऐवजी कोळशाच्या नि खनिजाच्या बार्जी हिंडतात. पण शिडाच्या दिवसांत या खाडीचे वेळापत्रक तिघांच्या हाती असे: भरती-ओहोटी, वारा आणि तांडेल. दुपारी समुद्राकडून खारे वारे, रात्री जमिनीकडून मतलई वारे, हे आपण शाळेत दोन मार्कांसाठी पाठ केले. तांडेलाला त्यात दोन मार्क नव्हते, पूर्ण पडाव होता. हवा बिघडली की पडाव खाडीत नांगर टाकून स्वस्थ. उतारू अस्वस्थ.

या उतारूंबद्दल मला आपुलकी आहे, कारण मी त्यांच्याच जातीचा. उतारूला नेहमी घाई असते आणि त्याची घाई नेहमी रास्त असते. कुणाचे लग्न, कुणाची तारीख, कुणाचा सासरा अत्यवस्थ. मग तो आकाशाकडे बघून म्हणतो, “एवढं काही नाही हो वाटत!” ज्याला घरची छत्री धड उघडता येत नाही तो माणूस नैऋत्येच्या वाऱ्याबद्दल मत देतो. तांडेल बिडी ओढत राहतो. शेवटी कुणीतरी ठेवणीतले वाक्य काढतो, “घाबरलात की काय?”

इथे प्रश्न हवामानाचा राहत नाही, नीतीचा होतो. थांबणे हा शहाणपणा की भित्रेपणा? आणि ते ठरवायचे कुणी?

खाडीकाठी राहणाऱ्या एका म्हाताऱ्या नाखव्याला मी एकदा हे विचारले. आदल्या दिवशी त्याने होडी काढली नव्हती, आणि हवा पुढे दिवसभर लख्ख निघाली होती.

“म्हणजे नाखवा, कालचं थांबणं फुकट गेलं की!”

“फुकट कसा?” तो म्हणाला. “मी हाय, होरी हाय, मानसा हायेत. काय गेला?”

मी निरुत्तर झालो. पण घरी येताना लक्षात आले की या माणसाची खरी अडचण हीच आहे. जो गेला आणि पोचला, तो शूर. जो गेला आणि बुडाला, त्याची बातमी. जो गेलाच नाही, त्याच्याजवळ दाखवायला काय? न सुटलेली होडी बुडाली असती, याचा पुरावा कुठल्या कोर्टात देणार? थांबण्याचा तोटा रोख असतो आणि नफा अदृश्य. आपण मध्यमवर्गीय पासबुकात दिसेल त्यालाच नफा म्हणतो.

१७ जुलै १९४७. आषाढातली अमावास्या. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. ‘रामदास’ ही आगबोट सकाळी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. रेवस म्हणजे याच धरमतर खाडीचे तोंड. सणाला घरी निघालेली माणसे होती ती. काशाच्या खडकाजवळ खवळलेल्या समुद्रात बोट कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. अलिबाग-पेणकडच्या कितीतरी घरांत ही तारीख पंचांग न उघडता माहीत असे.

त्या सकाळी बोट सुटायला हवी होती की नको, हा निकाल मी कोरड्या खुर्चीत बसून देणार नाही. मला वेगळीच कल्पना छळते. समजा, ती सुटलीच नसती. मग त्या दिवशी काय झाले असते? धक्क्यावर आरडाओरडा झाला असता. तिकिटाचे पैसे परत मागितले असते. “सणासुदीला अडवून ठेवलं मेल्यांनी!” असे म्हणत सहाशे माणसे आपापल्या खोल्यांवर परतली असती, आणि पुढे चाळीस-पन्नास वर्षे नातवंडांना सांगत राहिली असती की एकदा आमची अमावास्या बोटवाल्यांनी फुकट घालवली. ती शिव्या देत जगली असती. आपण का जगलो, हे त्यांना कधी कळले नसते.

थांबवणाऱ्याला मिळणारे बक्षीस ते हेच. ज्यांना वाचवले त्यांच्या शिव्या.

आपल्या पूर्वजांना हे ठाऊक असावे, म्हणून त्यांनी थांबण्याला धर्माचेच कातडे चढवले. संन्याशाने एरवी एका गावी मुक्काम वाढवू नये. पण पावसाळ्यात चातुर्मास करावा. होड्या ओढून घ्याव्यात, झापांनी शाकाराव्यात आणि नारळी पौर्णिमेला नारळ दिल्यावरच दर्यात ढकलाव्यात. धर्माने सांगितले की मग “घाबरलात की काय?” विचारायची सोय राहत नाही. आज तेच काम सरकारी हुकूम करतो: १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. बंदरावर तीन नंबरचा बावटा चढतो. तिकडे कॅरिबियन समुद्रात हौसेने शिडाच्या बोटी हाकणारे लोकही जून ते नोव्हेंबर वादळांच्या वाटेतून बाजूला सरतात. आपण त्याला चातुर्मास म्हणतो, ते हंगाम म्हणतात.

पण थांबला तो शहाणा, असे म्हटले तर आमच्या गल्लीतले निम्मे लोक ऋषी ठरतील. खोटे थांबणेही असते. रामायणात दोन्ही शेजारी शेजारी ठेवली आहेत. सीता लंकेत, आणि रामाला पावसाळ्याचे चार महिने प्रस्रवण पर्वतावरच्या गुहेत काढावे लागले. पलीकडे किष्किंधेत सुग्रीवही थांबलाच होता. पाऊस उघडला, राम निघायला तयार. सुग्रीव मात्र अंतःपुरातच. शेवटी लक्ष्मणाला धनुष्य घेऊन उठवायला जावे लागले. थांबण्याची परीक्षा थांबताना होत नाही, आभाळ उघडल्यावर होते. तांडेल थांबलेला असतो तेव्हा जाळे विणतो, फळ्यांच्या सांधी बुजवतो आणि दर तासाला आभाळ बघतो. आळशी माणूस आभाळ बघतच नाही. न जाणो, उघडलेले असायचे!

आणि ज्याला थांबवतच नाही, त्याची गोष्ट ग्रीकांनी लिहून ठेवली आहे. ऑलिसच्या बंदरात ट्रॉयच्या स्वारीचे तांडे अडकले होते. सेनापती अगामेम्नॉनने हवा सुधारावी म्हणून पोटची मुलगी बळीसाठी वेदीवर उभी केली. घाई झालेला माणूस बळी देतो तो बहुधा दुसऱ्याचाच.

एक हिशेब मात्र उरतो. आम्ही थांबतो तेव्हा चहा मागवतो. कोळ्याच्या घरी थांबणे म्हणजे चूल निम्मी. दोन महिने दर्यात जाऊ नको, असे त्याला सांगायचे आणि तेवढ्यात पापलेट महागले म्हणून कुरकुरायचे, ही आमची नीती. थांबण्याला पुण्य म्हणायचे असेल तर त्याचा खर्चही वाटून घ्यायला हवा. नाहीतर ते पुण्य एकाचे आणि जीव दुसऱ्याचा.

नारळी पौर्णिमेला आपण समुद्राला नारळ देतो. माझी सूचना एवढीच, की एक नारळ त्या तांडेलालाही द्यावा, जो एके दिवशी गेला नाही. तो कुठला दिवस, हे त्यालाही सांगता येणार नाही. आपण त्या दिवशी त्याला नावे ठेवली होती, एवढी खूण पुरे.