उतारशाळेचा रक्षक

वेदीपुढे उभे राहून वर आणि वधू एकमेकांना जे वचन देतात, त्यात सुखदुःखाबरोबर आजाराचाही उल्लेख असतो. त्या मंगल क्षणी तो शब्द कोणाच्या मनात फारसा शिरत नाही. शिरलाच तर डोळ्यांपुढे एखादे मोठे संकट येते: जीवनमरणाची रात्र, जपमाळ धरून बसलेली घरची माणसे, धावत आलेले धर्मगुरू. पण बहुतेक संसारांत या वचनाची कसोटी लागते ती धोका टळल्यानंतर. रुग्ण घरी येतो, भेटीला येणाऱ्यांची वर्दळ ओसरते आणि मग एकसारखे, लांबत जाणारे दिवस सुरू होतात. मनातला ओलावा कमी होतो, हात मात्र काम करीत राहतात. अशा वेळी त्या सेवेला प्रेम म्हणावे, की ते केवळ कर्तव्य?

पित्ताशयाच्या खड्यांवरील शस्त्रक्रिया आज आपल्या धर्मग्रामांत कोणाला अपरिचित नाही. बर्लिनच्या लाझारस रुग्णालयात १८८२ साली कार्ल लांगेनबुख यांनी प्रथम पित्ताशय काढले. त्यानंतर शंभर वर्षे हे काम पोट उघडूनच होत असे. १९८५ साली जर्मनीतच एरिक म्यूह यांनी ते दुर्बिणीच्या साहाय्याने केले आणि १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्तन उदवाडिया यांनी ही पद्धत भारतात आणली. आता पोटावर तीन-चार लहान छिद्रे पडतात आणि बहुतेक रुग्ण एक-दोन दिवसांत घरी येतात. हे मोठे वरदान आहे. पण त्यामुळेच ‘एवढीशी तर शस्त्रक्रिया’ असे म्हणण्याची सवय आपल्याला जडली आहे. सूज फार असेल, भोवतालचे अवयव एकमेकांना चिकटले असतील, तर रुग्णाच्या सुरक्षिततेसाठी शल्यविशारदाला मध्येच पोट उघडावे लागते. मग बरे होण्याचा हिशेब दिवसांवरून आठवड्यांवर जातो.

आमच्या घरी असेच घडले. तिसऱ्या दिवशी घरी येणारी पत्नी दहाव्या दिवशी आली. खोकला आला की पोटाशी उशी घट्ट धरायची, कुशीवर वळताना आधार घ्यायचा, प्लास्टिकच्या नळ्यांतील तीन चेंडू श्वासाने वर उचलण्याचा व्यायाम ठरल्या वेळी करायचा, हा दिनक्रम झाला. पित्त साठवणारी पिशवी गेली की यकृतातले पित्त थोडे थोडे सरळ आतड्यात उतरत राहते. पुष्कळांना त्याचा त्रास होत नाही. तिला मात्र चमचाभर तुपानेही त्रास होई. पाण्याची बादली उचलण्याची मनाई होती. शेजारची बाई अशाच शस्त्रक्रियेनंतर आठवड्यात कामाला लागली, हे ऐकले की तिचा चेहरा उतरे. ‘अजून किती दिवस?’ असे ती विचारी आणि त्याचे नेमके उत्तर डॉक्टरांपाशीही नसे.

शुभवर्तमानात पेत्राची सासू तापाने अंथरुणावर होती. प्रभूने तिचा हात धरून तिला उठवले आणि ती लगेच सर्वांची सेवा करू लागली. आपल्या घरांतील स्त्रीकडून आपण नकळत हीच अपेक्षा धरतो. पण त्याच मार्काने बेथसैदाच्या आंधळ्याचीही हकिकत सांगितली आहे. प्रभूच्या पहिल्या स्पर्शानंतर त्याला माणसे चालत्या झाडांसारखी दिसली; स्पष्ट दिसण्यासाठी प्रभूने त्याच्यावर दुसऱ्यांदा हात ठेवले. प्रभूनेही जेथे एक बरे होणे दोन टप्प्यांत घडू दिले, तेथे आपल्या माणसाला चार टप्पे लागले तर त्यात त्याचा दोष कोणता?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. दयाळू शोमरोन्याचा दाखला आपण लहानपणापासून ऐकतो. जखमी माणसाला पाहून त्याला कळवळा आला, असे लूक स्पष्ट सांगतो. त्याने जखमा बांधल्या, जखमीला उतारशाळेत आणले, रात्रभर त्याची काळजी घेतली आणि दुसऱ्या दिवशी रक्षकाच्या हाती दोन दिनार देऊन तो पुढे गेला. त्यानंतरचे सारे दिवस त्या रक्षकाच्या वाट्याला आले. जखमा धुणे, खाऊ घालणे, रात्री कण्हणे ऐकून उठणे हे त्यानेच केले असणार. त्याला कळवळा आला की नाही, हे शुभवर्तमान सांगत नाही. ‘याची काळजी घे’ एवढेच त्याला सांगितले गेले.

पतिपत्नी एकमेकांसाठी असे उतारशाळेचे रक्षक असतात, असे आम्हाला वाटते. संत थॉमस अक्विनास यांनी अॅरिस्टॉटलच्या आधाराने प्रेमाची व्याख्या केली ती ‘दुसऱ्याचे भले इच्छिणे’ अशी. इच्छा ही भावनेहून टिकाऊ असते. रात्री तिसऱ्यांदा उठताना मनात माया दाटून येत नाही, थकवाच दाटून येतो. तरीही माणूस उठतो, कारण समोरच्याचे भले व्हावे हे त्याने ठरवलेले असते. थकवा हे पाप नाही. तो अबोल्यातून किंवा भांडी आदळून रुग्णाकडून वसूल करणे मात्र अन्याय आहे, कारण रुग्णाला उठून निघून जाण्याचीही सोय नसते.

भले इच्छिणे म्हणजे सर्व काही आपल्या हाती घेणेही नव्हे. अंगणात पहिल्यांदा पावले टाकताना पत्नी म्हणाली, ‘तुम्ही नुसते जवळ राहा, चालते मी.’ सेवेचे मर्म त्या शब्दांत आहे. रुग्णाचे भले त्याच्या स्वतःच्या पायांवर उभे राहण्यात असते. मात्र ताप आला, डोळे पिवळे दिसले, पोटातील कळ कमी होण्याऐवजी वाढू लागली, तर ‘होईल बरे’ म्हणून थांबू नये. तत्काळ डॉक्टरांना गाठावे. तेथे धीर धरणे हा सद्गुण ठरत नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. पुरुषाने पेज शिजवली की शेजारीपाजारी त्याचे कौतुक करतात. स्त्रीने वर्षभर पतीचे अंथरूण सांभाळले तरी ते गृहीत धरले जाते. वेदीपुढे दोघांनी उच्चारलेले वचन तर शब्दशः एकच असते. पतीच्या वाट्याला त्यातले सौम्य कलम आले आहे, असे चर्चमातेने कधी शिकवलेले नाही.

आणि त्या रक्षकाने दोन दिनार घेतले, हेही विसरू नये. एक दिनार ही त्या काळची दिवसाची मजुरी. कोणाची तरी मदत घेऊनच त्याने सेवा केली. त्यात त्याला कमीपणा वाटला नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ साली घोषित केलेला जागतिक रुग्णदिन आपण दरवर्षी ११ फेब्रुवारीला पाळतो. त्या दिवशी रुग्णांसाठी प्रार्थना करताना त्यांच्या उशाशी बसणाऱ्यांचीही आठवण व्हावी. भेटीला जाताना फळांच्या पिशवीबरोबर दोन तासांचा वेळ न्यावा आणि म्हणावे, ‘तुम्ही जरा पडा, आम्ही बसतो.’ थकलेल्या घराला ते दोन तास दोन दिनारांसारखे उपयोगी पडतील.

‘अधिक खर्च झाला तर परत येताना मी तो देईन’ असे आश्वासन शोमरोन्याने दिले होते. तो परतल्याचे दाखल्यात सांगितलेले नाही. रक्षकाला त्या शब्दावर विसंबूनच काम करावे लागले. आपल्यालाही तसेच करायचे आहे. ज्याने हे माणूस आपल्या स्वाधीन केले, तो परत येणार आहे आणि जागवलेल्या रात्रींचा हिशेब त्याच्यापाशी आहे.