भुशाचा अग्नी, गोवऱ्यांचा अग्नी

माझ्या बग्गीत आता पेट्रोल जळत नाही, प्रोपेन जळतो. खाली जुन्या फोक्सवॅगन बीटलची चासी, वर फायबरची बॉडी, मागे सोळाशे सीसीचं, हवेवर थंड होणारं इंजिन. फिनिक्सच्या उत्तरेला टेबल मेसाच्या दगडधोंड्यांतून मी ती चालवते. तिथल्या चढावर गाडी एका अंगाला कलली की कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोलही कलतं. मग इंजिनाला कधी ठसका लागतो, कधी ते उपाशी राहतं, आणि बंद पडायचं ते नेमकं नको तिथे पडतं. प्रोपेनच्या मिक्सरला अशी वाटीच नसते. गाडी कितीही तिरपी होवो, गॅस येत राहतो.

हे सगळं मी मंडळाच्या गणपतीत एका काकांना उत्साहाने सांगत होते. (मी गणपतीला जाते ते पुरणपोळीसाठी आणि मराठी कानावर पडावं म्हणून, आरतीला मागे उभी राहते.) काका वेदान्ताचे अभ्यासक, माणूस प्रेमळ. म्हणाले, "इंधन बदललंस गं, पण अग्नी तोच ना? कठोपनिषदात तेच सांगितलंय. अग्नी एकच, ज्यात शिरेल त्याचं रूप घेतो." आणि थोडं थांबून, "तुमच्या घरचंही तसंच बघ. धर्म बदलला म्हणून आतला आत्मा थोडाच बदलतो?"

काकांना वाटलं आपण आपलेपणानं बोललो. मलाही ते तसंच वाटलं, म्हणून तिथे मी काही बोलले नाही. पण अग्नी तोच असतो हे ज्याने इंजिन स्वतःच्या हाताने बदललंय त्याला पटणं कठीण आहे.

टाकीत प्रोपेन दाबाखाली द्रवरूपात असतो. त्याचा उत्कलनबिंदू उणे ४२ अंश. द्रवाचा वायू व्हायला उष्णता लागते, आणि ती कुठून तरी यावी लागते. पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनात हा प्रश्नच येत नाही: रेडिएटरचं गरम पाणी व्हेपोरायझरमधून फिरवायचं, काम झालं. माझ्या इंजिनात पाण्याचा थेंब नाही. टाकीच्या वरच्या भागातून थेट वायू ओढावा, तर उकळण्याचं काम टाकीतच होतं आणि टाकी आपल्याच अंगातली ऊब खर्च करते. ॲरिझोनातही जुलै ते सप्टेंबर पावसाळा असतो. त्या दमट दिवसांत बाहेर चाळीस अंश असताना टाकीला घाम फुटलेला दिसतो, आणि तोही अगदी रेघ मारल्यासारखा: आत जिथवर द्रव आहे तिथवर दव, त्याच्या वर कोरडं. रेग्युलेटरवर तर पांढरं हिम धरतं. टाकी गार पडत गेली की दाब उतरतो, आणि दाब उतरला की इंजिन मरगळतं.

उपाय गाडीतच होता. बीटलमध्ये एक्झॉस्टच्या नळ्यांभोवती हीटर बॉक्स असतात. पंख्याची हवा त्यांतून तापून बसणाऱ्यांच्या पायांशी जाते. वाळवंटातल्या उघड्या बग्गीला हीटर कशाला, म्हणून लोक ते काढून टाकतात. मी एक परत बसवला आणि त्याची गरम हवा पंख दिलेल्या व्हेपोरायझरवर सोडली. आता अग्नी जी उष्णता बाहेर टाकतो, तिच्यातल्या थोड्या भागावर त्याचंच इंधन तयार होतं.

तर सांगा, यात इंधन कुठे संपलं आणि अग्नी कुठे सुरू झाला? पेट्रोल वायू होताना आत येणाऱ्या हवेला गारवा देतं. प्रोपेन आधीच वायू होऊन येतो, तो गारवा देत नाही. त्याचा ऑक्टेन शंभराच्या वर, त्यामुळे कॉम्प्रेशन वाढवता येतं. पण हवेवर थंड होणाऱ्या हेडला ती चैन फार परवडत नाही. ठिणगीचं टायमिंग नव्याने जुळवावं लागतं. लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण पावपट कमी. उलट ऑइल बदलायला काढलं तर ते मधाच्या रंगाचं निघतं, काजळीचं नाव नाही. हे सगळं बदललं आणि अग्नी तेवढा तोच राहिला, असं म्हणायचं असेल तर तो अग्नी मला एकदा इंधनाशिवाय दाखवा.

मज्झिम निकायात साति नावाच्या भिक्खूची गोष्ट आहे. कोळ्याचा मुलगा. त्याचं ठाम मत की हेच विज्ञान, हीच जाणीव, जन्मोजन्म तीच फिरत राहते. बुद्धाने त्याला बोलावून घेतलं आणि सगळ्यांदेखत समजावलं: अग्नी ज्याच्या आधारे जळतो त्यावरून ओळखला जातो. लाकडाचा अग्नी, गवताचा अग्नी, गोवऱ्यांचा, भुशाचा, केरकचऱ्याचा. जाणीवही तशीच. ही यादी मला फार आवडते, कारण ती चुलीपाशी बसणाऱ्याची आहे. गोवरीचा जाळ आणि भुशाचा जाळ एकच, असं स्वयंपाक करणारी बाई कधी म्हणणार नाही.

पण म्हणून अग्नी म्हणजेच इंधन, असंही सुटत नाही. नागार्जुनाने मूलमध्यमककारिकेचं दहावं प्रकरण अग्नी आणि इंधन यांनाच दिलंय. दोन्ही एक मानले तर जाळणारा आणि जळणारं एकच होऊन बसतं. वेगळे मानले तर अग्नी इंधनावाचून सदा पेटलेला असायला हवा. दोन्ही वाटा तो बंद करतो. काकांना जो आत्मा हवाय तो दुसऱ्या वाटेवरचा आहे. आणि कालचं सगळं दीक्षेबरोबर पुसलं गेलं, असं म्हणणारे आमच्यातले काही लोक पहिल्या वाटेवर उभे आहेत.

माझी आजी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षाभूमीवर होती. कामठीला परतल्यावर तिने देव्हाऱ्यातले देव कन्हान नदीत सोडले, आणि त्याबद्दल तिला कधी हळहळ वाटलेली मी ऐकली नाही. पण गुडघ्यावर हात टेकून उठताना तिच्या तोंडून "रामा" निघायचं. काका, म्हणजे माझे सख्खे काका, चिडायचे: आई, बावीस प्रतिज्ञा घेतल्यास ना? ती म्हणायची, "जीभ जुनी हाय बापू, तिले येळ लागते." तिला बदल खोटा वाटत नव्हता आणि पूर्णही वाटत नव्हता. बाबासाहेबांनी 'द बुद्ध अँड हिज धम्म'मध्ये पुनर्जन्माची चर्चा करताना ऊर्जेचा हिशेब मांडलाय, आत्म्याला मात्र त्यात जागा ठेवलेली नाही. ते पुस्तक तिने वाचलं नव्हतं, माझ्या वडिलांकडून ऐकलं होतं. उत्तर तिचं स्वतःचं होतं.

माझ्या इंजिनातही एक जुनी खोड उरली आहे. तिसरा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा जास्त तापतो. पेट्रोलवर तापायचा, प्रोपेनवरही तापतो. बीटलचे जुने मिस्त्री त्याला नाजूक म्हणतात, जपून घ्यायला सांगतात. अनेक जुन्या डिस्ट्रिब्युटरांत तर मुळातच तिसऱ्याची ठिणगी जरा उशिरा पडेल अशी सोय केलेली असते. सिलिंडर मात्र इतर तिघांसारखाच ओतलेला आहे. पंख्याच्या आवरणात ऑइल कूलर त्याच्या वाटेत उभा केलाय, आणि त्याच्या वाट्याची गार हवा आधी कूलर घेतो. १९७१ च्या मॉडेलपासून कूलर बाजूला, स्वतंत्र घरात हलवला. त्याला इकडे डॉगहाउस म्हणतात. तसं आवरण आणि त्याच्याबरोबरचा रुंद पंखा मी भंगारवाल्यांकडे शोधते आहे. तोवर कॉम्प्रेशन वाढवणार नाही.