मंथरेचा डोळा

१९८७ साली रविवारी सकाळी आमच्या भरे गावात ज्यांच्याकडे टीव्ही होता, त्यांच्या ओटीवर आख्खी आळी जमायची. ‘रामायणा’त मंथरा आली की आजी म्हणायची, “मेलीचं पाप डोळ्यातच दिसतंय!”

तो डोळा ललिता पवारांचा. मूकपटांपासून काम करणारी ही नायिका. १९४२ मध्ये चित्रीकरणात थप्पड जोरात बसली, डावा डोळा कायमचा बारीक झाला आणि पुढं बहुतेक खाष्ट सासवाच वाट्याला आल्या. यात पाप कुणाचं? दुसऱ्याच्या दुखापतीवर कर्मफळाचा शिक्का मारणं मला कधीच पटलं नाही. ‘श्री ४२०’मधली केळी विकणारी गंगामाई बघा, ‘अनाडी’तल्या मिसेस डिसा बघा. वरून खेकसणं, आत नुसती माया, आणि डोळा तोच.

आणि खुद्द मंथरेचं काय? अध्यात्म रामायणात देवच सरस्वतीला तिच्यात शिरायला सांगतात, कारण वनवासाशिवाय रावणवध नाही. देवकार्यासाठी जिच्या तोंडून वदवलं, तिलाच युगानुयुगं शिव्या! देवांना याचा जाब विचारायला हवा, असं मला भजनाला बसल्यावरही वाटतं. माझी भक्ती त्यानं उणी होत नाही.