शाळेचा पत्ता, कॉलेजची वाट

नवापूरच्या रेल्वे स्टेशनावर एक बाक आहे. अर्धा महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. तिकीट खिडकी नंदुरबार जिल्ह्यात येते, तर स्टेशनमास्तरांची कचेरी तापी जिल्ह्यात. गाड्यांच्या सूचना मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषांत होतात. प्रवाशाला त्या सीमेचं सोयरसुतक नसतं. बाकावर बसून फोटो काढला की तो आपल्या वाटेला लागतो. सीमेपलीकडच्या शाळेत नाव घातलेल्या मुलाला मात्र ती बारावीनंतर, प्रवेशाचा फॉर्म भरताना आडवी येते.

मूल बाहेर शिकलं की त्याचं नशीब उघडतं, ही समजूत शहाद्यापासून धडगावपर्यंत सगळीकडे आहे. बाहेर म्हणजे कुणासाठी नाशिक, कुणासाठी सुरत, ऐपत असेल तर कोटा. एखाद्यासाठी थेट अमेरिका. चांगली शाळा मिळाली तर मूल घडतं, यात वादच नाही. पण आपली प्रवेशव्यवस्था ते किती घडलं हे विचारत नाही. गुण विचारते, आणि दहावी-बारावी कुठून केली ते विचारते.

वैद्यकीयचंच घ्या. सरकारी महाविद्यालयांतल्या एमबीबीएसच्या 15 टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात जातात, 85 टक्के राज्याकडे राहतात. महाराष्ट्रात या 85 टक्क्यांसाठी सर्वसाधारण अट अशी, की डोमिसाईल हवं आणि दहावी-बारावी दोन्ही राज्यातल्याच संस्थेतून हव्यात. बदलीच्या नोकरीतल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांना वगैरे मोजक्या सवलती आहेत. कोटा शहरात नुसता क्लास लावला तर बिघडत नाही. बारावीचं नाव तिथल्या शाळेत घातलं, की नीटला उत्तम गुण मिळूनही नंदुरबारच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाची राज्य कोट्यातली जागा हातची जाते.

ज्या जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेनुसार दहातले जवळजवळ सात जण अनुसूचित जमातींचे आहेत, तिथे हा घाव आणखी खोल बसतो. जमातींसाठी राखीव असलेल्या 7 टक्के जागा राज्य कोट्याच्या आतल्या. कोट्याचं दार बंद झालं की त्याही गेल्या. शेजारच्या राज्यात महाराष्ट्राच्या जमात दाखल्यावर राज्याचं आरक्षण मागता येत नाही. स्थलांतरितांना मूळ राज्यातलं आरक्षण दुसऱ्या राज्यात नेता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1990 च्या मर्री चंद्रशेखर राव प्रकरणात सांगितलेलं आहे. म्हणजे भिल्ल, पावरा किंवा मावची मुलगा सुरतेत शिकला, तर तो धड इकडचा राहत नाही, धड तिकडचा होत नाही.

इंजिनिअरिंगचं गणित वेगळं. राज्याच्या सीईटीतून होणाऱ्या प्रवेशांत बाहेर शिकलेल्यालाही, स्वतःचं किंवा आईवडिलांपैकी एकाचं डोमिसाईल असेल, तर ‘टाइप बी’मधून वाट आहे. एनआयटीमध्ये गृहराज्य ठरतं ते बारावी कुठून केली यावरून. सुरतेतून बारावी केलेली नंदुरबारची मुलगी सुरतच्या एनआयटीत घरची ठरते आणि नागपूरच्या एनआयटीत परकी. आयआयटीत मात्र गृहराज्याचा कोटाच नाही. एकच दाखला एका दारात किल्ली होतो, दुसऱ्या दारात कुलूप.

मग मुलांनी घर सोडूच नये का? सोडावं, पण कोणत्या इयत्तेत ते बघून. जवाहर नवोदय विद्यालयांनी हे वर्षानुवर्षं करून दाखवलंय. 1986 च्या शैक्षणिक धोरणातून आलेल्या या निवासी शाळांत नववीची साधारण 30 टक्के मुलं वर्षभरासाठी दुसऱ्या भाषेच्या प्रांतातल्या नवोदयात जातात. नवी भाषा, नवं जेवण, नवे मित्र. आणि दहावीला पुन्हा आपल्या शाळेत. बोर्ड तेच, दाखल्यावर शाळाही तीच. साक्री तालुक्यातल्या सामोडे गावचे डॉ. राजेंद्र भारूड अक्कलकुव्याच्या नवोदयात शिकले, तिथून मुंबईच्या जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात गेले, पुढे आयएएस झाले आणि नंदुरबारचे जिल्हाधिकारी म्हणून परतले. त्यांनी घर लहानपणीच सोडलं. राज्य सोडलं नाही.

परदेशातल्या शाळेलाही हाच हिशोब लागू पडतो. अमेरिकन विद्यापीठं निबंध, शिफारसपत्रं, शाळेबाहेरची कामं असं सगळं वाचतात. तिथे परक्या देशात काढलेल्या वर्षाबद्दल सांगता येतं, पण त्या वर्षात मुलाने काय केलं हे दिसावं लागतं, विमानाचं तिकीट पुरत नाही. भारतातल्या नीट किंवा जेईईच्या गुणपत्रिकेत त्या वर्षाला रकानाच नाही. उलट अकरावीत गेलेलं मूल परतल्यावर विज्ञानाचा निम्मा अभ्यासक्रम मागे पडलेला असतो. बारावीच परदेशी बोर्डाची असेल, तर भारतीय विद्यापीठ संघाकडून समकक्षतेचा कागद आणण्याची धावपळ वेगळी.

तेव्हा शाळा सोडल्याचा दाखला काढण्याआधी पालकांनी मुलाला कुठे जायचंय ते विचारावं, आणि त्या वर्षाची प्रवेशपुस्तिका उघडून पात्रतेचं पान वाचावं. नियम दरवर्षी थोडेफार हलतात. डॉक्टर व्हायचं असेल, तर दहावी आणि बारावी महाराष्ट्रात करावी. बाहेरचं जग बघायला नववीपर्यंतची वर्षं मोकळी आहेत.