आपल्या हाताने केले म्हणून?

घरच्या वस्तूविषयी आपल्या मनात एक उपजत विश्वास असतो. घरचे लोणचे, घरी कढवलेले तूप, घरी कुटलेला मसाला. बाजारच्या वस्तूत काय मिसळले असेल ते कोणास ठाऊक, घरच्या वस्तूत काय आहे हे आपल्याला माहीत असते. हा विश्वास बहुधा योग्यच असतो. परंतु तो व्यसनाच्या वस्तूलाही लागू करता येईल काय? जिचे आपण अंकित आहो अशी वस्तू आपल्याच हाताने, मोजूनमापून, स्वच्छ भांड्यात तयार केली, तर तिच्यावरील आपली सत्ता वाढते काय?

हा प्रश्न काल्पनिक नाही. ब्रिटन-अमेरिकेत पुष्कळ माणसे ई-सिगारेटमध्ये, म्हणजे सांप्रत जिला 'वेप' म्हणतात तिच्यात, भरावयाचा द्रव विकत न घेता घरच्या ओट्यावर मिसळतात. आपल्या देशात १८ सप्टेंबर २०१९ रोजी निघालेल्या वटहुकुमाने आणि त्याच वर्षी झालेल्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठा व जाहिरात ह्या सर्वांवर बंदी आली. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. (विडी आणि सिगारेट मात्र कोपऱ्यावरच्या टपरीत राजरोस मिळतात, ह्या विसंगतीवर वेगळा लेख लिहावा लागेल.) तेव्हा येथे हा उद्योग आरंभण्याचा प्रश्नच नाही. पण आपल्यापैकी अनेकांची मुले, भाचे, पुतणे परदेशी राहतात. त्यांच्यातील एखाद्याने, "मी सिगारेट सोडली, आता माझे मीच मिसळतो," असे अभिमानाने सांगितले, तर त्याला काय म्हणावे? शाबासकी द्यावी, की काळजी करावी?

आधी तो करतो काय, ते पाहू. द्रवाचे घटक चारच: प्रॉपिलीन ग्लायकॉल, वनस्पतिजन्य ग्लिसरीन, स्वादाचे अर्क आणि निकोटीन. ग्लिसरीनने वाफ दाट होते, ग्लायकॉलमुळे स्वाद वाहून नेला जातो. सत्तर भाग ग्लिसरीन व तीस भाग ग्लायकॉल हे नेहमीचे प्रमाण. ब्रिटनमध्ये २०१६ पासून युरोपीय संघाच्या निर्देशानुसार निकोटीनयुक्त द्रवाची बाटली १० मिलिलिटरपेक्षा मोठी नसावी आणि दर मिलिलिटरला २० मिलीग्रॅमपेक्षा अधिक निकोटीन नसावे, असा नियम आला. निकोटीन नसलेल्या द्रवाला हा नियम लागू नव्हता. मग व्यापाऱ्यांनी ६० मिलिलिटरच्या बाटलीत ५० मिलिलिटर निकोटीनविरहित द्रव भरून वरची जागा मोकळी ठेवली. ग्राहकाने १८ मिलीग्रॅमची १० मिलिलिटरची कुपी तीत ओतावी, बाटली हलवावी, की दर मिलिलिटरला ३ मिलीग्रॅमचा द्रव तयार. बहुतेकांचा श्रीगणेशा असा होतो. पुढे अर्क आणि ग्लिसरीन वेगवेगळे आणून, बारीक वजनकाटा घेऊन, सारे मुळापासून करण्याची हौस वाटू लागते. कारण ते फार स्वस्त पडते.

अमेरिकेत तर दर मिलिलिटरला १०० मिलीग्रॅम इतके तीव्र निकोटीन विकत मिळत आले आहे. ३ मिलीग्रॅमचा १०० मिलिलिटर द्रव करावयास ते केवळ ३ मिलिलिटर पुरते. दशांशचिन्ह एक घर सरकले, तर ३ चे ३० होतात. शिवाय १० मिलिलिटर ग्लिसरीनचे वजन १२.६ ग्रॅम भरते आणि तितक्याच ग्लायकॉलचे १०.४ ग्रॅमच्या आसपास; म्हणजे काट्यावर मोजणाऱ्याने मिलिलिटर व ग्रॅम एकच धरले, की हिशेब चुकला. निकोटीन त्वचेतूनही शोषले जाते, म्हणून हातमोजे हवेत. लोणच्याचे मीठ कमीजास्त झाल्यासारखे हे नाही.

आता ह्या माणसाच्या बाजूने जे बोलता येईल ते प्रामाणिकपणे बोलले पाहिजे. तंबाखूमुळे एकट्या भारतात दरवर्षी तेरा लाखांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. धूम्रपानातील प्राणघात मुख्यतः जळणाऱ्या पानाच्या धुरामुळे होतो. वाफेत तो धूर नाही. चीनमधील औषधशास्त्रज्ञ होन लिक ह्यांनी २००३ मध्ये आजच्या ई-सिगारेटचा मूळ नमुना तयार केला, तेव्हा ते स्वतः धूम्रपान करणारे होते आणि धुराला पर्याय शोधत होते. बुडणाऱ्याला मिळालेली फळी ओबडधोबड आहे म्हणून काठावर उभे राहून नाक मुरडणे हे काही सद्वर्तन नव्हे.

मिसळणाऱ्याच्या पदरी आणखी एक गोष्ट पडते. सिगारेट ओढणाऱ्याला आपण दिवसाकाठी किती निकोटीन घेतो हे ठाऊक नसते. त्याला फक्त पाकिटे मोजता येतात. घरी मिसळणाऱ्याला आकडा वहीत लिहावाच लागतो. ३ की ६ की १२, हे त्याने स्वतः ठरविलेले असते, त्याने स्वतः ओतलेले असते. आपले दास्य किती आहे हे अंकांत लिहून पाहणे ही लहान गोष्ट नव्हे. कित्येक व्यसने केवळ ह्या लिहिण्याच्या अभावी वर्षानुवर्षे सुखाने नांदतात. वहीतील आकडा हळूहळू उतरत गेला, १२ वरून ६, ६ वरून ३, तीनावरून शून्य, तर ती वही मुक्तीची पायरी झाली असे म्हणावयास मला संकोच वाटणार नाही.

पण आकडा उतरतो काय? २०१९ मध्ये ब्रिटनमधील धूम्रपानमुक्ती केंद्रांत झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ८८६ माणसे होती. एका गटाला ई-सिगारेट दिली, दुसऱ्याला निकोटीनच्या पट्ट्या, गोळ्या इत्यादी. वर्षाअखेर पहिल्या गटातील १८ टक्के लोक सिगारेटपासून दूर राहिले होते, दुसऱ्यातील ९.९ टक्के. ई-सिगारेटची ही सरशी खरी आहे, ती लपविण्याचे कारण नाही. परंतु त्याच अभ्यासातील दुसरा आकडा पाहा: पहिल्या गटात ज्यांनी सिगारेट सोडली, त्यांतील ८० टक्के लोक वर्षानंतरही वाफ ओढतच होते, दुसऱ्या गटातील यशस्वी लोकांपैकी केवळ ९ टक्के पट्ट्या-गोळ्यांवर राहिले होते. धूर गेला, निकोटीन राहिले. शरीराच्या दृष्टीने हा मोठा लाभ आहे. मनुष्य मोकळा झाला काय, ह्या प्रश्नाचे उत्तर मात्र तेथे मिळत नाही.

आणि येथे घरी मिसळण्याची एक विशेष अडचण येते. विकतची वस्तू संपते, दुकान बंद असते, खिसा रिकामा असतो. असे अडथळे व्यसनी माणसाचे नकळत मित्र असतात. घरच्या कपाटात लिटरभर द्रव असला, की ते मित्र निघून जातात. ज्या हाताने आकडा उतरवावयाचा, त्याच हाताने तो वाईट दिवशी चढवताही येतो, आणि पाहणारे कोणी नसते.

त्याहून सूक्ष्म अडचण कलेची आहे. मिसळणारे लवकरच जाणकार होतात. स्ट्रॉबेरीचा अर्क सहा टक्के, सायीचा दोन टक्के. बाटली अंधारात दोन आठवडे मुरू द्यावी, मग चाखावी, मग वहीत शेरा लिहावा. ही आवड मला कळू शकते. निर्मितीचा आनंद हा मनुष्याला मिळालेल्या निर्मळ आनंदांपैकी एक आहे. पण एक साधी कसोटी लावून पाहावी. त्या सर्व मिश्रणात स्वादाला जवळजवळ काहीच न देणारा घटक एकच: निकोटीन. ते वगळले तर स्ट्रॉबेरी स्ट्रॉबेरीच राहते. मग जो स्वादासाठीच हे करतो असे म्हणतो, त्याने तो एक घटक वगळून आपली कला चालवावी. चालली, तर ती खरोखर कला होती. बाटली तशीच कपाटात पडून राहिली, तर एवढे दिवस कोण कोणाची चाकरी करीत होते हे त्याचे त्यालाच कळेल.

आपल्याकडे ह्याची एक जुनी बहीण आहे, मिश्री. तव्यावर तंबाखू काळी होईतो भाजायची, कुटायची, डबीत भरायची आणि दाताला लावायची. किती घरांत आजीच्या डबीतून सुनेच्या व नातीच्या बोटाला ती लागली! विडी ओढणारी बाई लोकांच्या डोळ्यांवर आली असती. मिश्री घरची, दात घासण्याची, म्हणून तिला कोणी व्यसन म्हटले नाही. घरच्या भांड्यातून आले म्हणून विवेकबुद्धीने पहारा काढून घेतला.

"त्यात काय आहे हे मला माहीत आहे," ह्या वाक्यातही थोडे खोल पाहावे. घटक माहीत असणे आणि ते फुप्फुसात गेल्यावर काय करतात हे माहीत असणे, ह्या दोन गोष्टी आहेत. स्वादाचे अर्क खाण्यासाठी तपासलेले असतात. लोण्याचा स्वाद देणारे डायअसेटिल पोटात गेले तर काही होत नाही. पण २००० मध्ये अमेरिकेतील मिसूरी राज्यात मक्याच्या लाह्यांच्या कारखान्यातील कामगारांच्या श्वासनलिका त्याच्या वाफेने कायमच्या आखडल्याचे आढळले. २०१९ मध्ये त्याच देशात वाफ ओढणाऱ्यांना फुप्फुसाच्या तीव्र इजा होऊ लागल्या. २०२० च्या फेब्रुवारीपर्यंत २,८०७ रुग्णांची नोंद झाली व ६८ जण दगावले. दोष मुख्यतः गांजाच्या अर्काच्या बेकायदा द्रवांत दाटपणासाठी घातलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटचा निघाला. साधा निकोटीनचा द्रव त्यातला नव्हता, हे न्यायाने सांगितले पाहिजे. तरीही ते ॲसिटेट म्हणजे काही भयंकर विष नव्हे. चेहऱ्याच्या मलमात आणि जीवनसत्त्वाच्या गोळीत ते असते. ज्याने ते मिसळले त्यालाही घटक माहीतच होता.

विकतच्या वस्तूने अपाय झाला तर कारखान्याला दोष देता येतो, न्यायालयात जाता येते. घरी मिसळणारा आपल्यापुरता कारखानदार, परीक्षक आणि ग्राहक असे तिन्ही असतो, आणि जोवर तो एकटा आहे तोवर हा व्यवहार त्याच्या व त्याच्या देहाच्या दरम्यान राहतो. परंतु घरात एकटा कोण राहतो? मित्र येतो, वास आवडतो, "एक बाटली मलाही दे" म्हणतो. संकोचाने नाही म्हणवत नाही. त्या बाटलीवर काय लिहिलेले असते? पुष्कळदा काहीच नसते.

डिसेंबर २०१४ मध्ये न्यू यॉर्क राज्यात एक वर्षाचे मूल द्रव निकोटीन पोटात जाऊन मरण पावले. त्यानंतर जानेवारी २०१६ मध्ये अमेरिकेने अशा बाटल्यांना मुलांना उघडता येणार नाही असे झाकण लावण्याचा कायदा केला. तो विकणाऱ्यांना लागू आहे. घरी भरलेल्या बाटलीला स्ट्रॉबेरीचा वास येतो, आणि ती ज्या कपाटात आहे त्याला कुलूप आहे काय, हे परदेशातल्या आपल्या पुतण्याला पुढच्या फोनवर विचारावयास हरकत नाही. वहीतील आकडा सध्या कितीवर आहे, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे.