चंद्राची तिथी, सूर्याचं फूल

काशीत पंचगंगा घाटाच्या पायऱ्या चढून वर आलं की गल्लीत मंगला गौरीचं देऊळ लागतं. तिथेच गभस्तीश्वर आणि मयूखादित्य. सूर्यानं या जागी तप केलं, शिवलिंग आणि गौरी स्थापली, अशी काशीखंडातली कथा. तपाच्या तेजात त्याचं अंग दिसेनासं झालं, नुसते किरण तेवढे दिसत राहिले, म्हणून तो मयूखादित्य. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा हा पिढ्यान्‌पिढ्या मराठी घरांचा परिसर. श्रावणातल्या मंगळवारी इथल्या नव्या सुनांच्या ताटात सोळा प्रकारची पत्री आणि फुलं असतात. ही फुलं येतात कुठून, यावर आज सकाळी थोडं बोलावंसं वाटतं.

मंगला गौरीच्या वाट्याला दोन श्रावण येतात. उत्तरेकडचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. त्यामुळे स्थानिक बायकांचा सावन आधी लागतो आणि मराठी घरांचा श्रावण पंधरा दिवसांनी. २०२५ साली सावन ११ जुलैला लागला, आपला श्रावण २५ जुलैला. देवीचे मंगळवार १५ जुलैला सुरू झाले ते १९ ऑगस्टपर्यंत चालले. २९ जुलै आणि ५ ऑगस्ट हे दोन मंगळवार दोन्हीकडच्या बायकांचे. एकाच उंबऱ्यावर असे सहा मंगळवार, आणि प्रत्येक मंगळवारी फूल ताजंच हवं.

वरुणा नदीपलीकडे चिरईगावच्या बाजूला दीनापूरसारखी गावं फुलांवर जगतात. झेंडू, गुलाब आणि आपण ज्याला मोगरा म्हणतो तो बेला. बेल्याची कळी मिटलेली असतानाच खुडावी लागते, उमललेल्या फुलाला बाजारात मोल नाही. म्हणून उजाडायच्या आत घर शेतात. झेंडू बऱ्याचदा सुटा न जाता माळा होऊनच मंडीत पोचतो, आणि त्या माळा ओवणारे हात घरच्या बायकामुलांचे. शेतातून बांसफाटक, मलदहियाच्या मंड्या, आणि मग देवळाच्या दारातली परडी. आपण परडीवाल्याशी रुपया-दोन रुपयांची घासाघीस करतो, तेव्हा या साखळीच्या पार टोकाला असलेलं घर आपल्याला दिसत नाही. ते दिसावं, असं मला फार वाटतं.

त्या घराची खरी अडचण आभाळात आहे. व्रतं चंद्रावर चालतात आणि फूल सूर्यावर. चांद्रवर्ष सौरवर्षाहून अकरा दिवसांनी तोकडं, म्हणून सण दरवर्षी मागे सरकतात आणि अधिक महिना आला की एकदम पुढे जातात. २०२३ साली श्रावण अधिक होता, दसरा २४ ऑक्टोबरला आला. २०२५ साली तोच दसरा २ ऑक्टोबरला. २०२६ साली ज्येष्ठ अधिक, म्हणून तो २० ऑक्टोबरला. मोगऱ्याला यातलं काही ठाऊक नाही. त्याचा बहर उन्हाळ्याचा, पाऊस लागला की ओसरत जातो. मंगळवार जुलैत आले तर गौरीच्या वाट्याला बेला येतो, ऑगस्ट उलटला की हात आखडावा लागतो. शेवंती तर रात्र मोठी व्हायला लागल्याशिवाय कळीच धरत नाही, मग सण लवकर असो की उशिरा.

माणसाच्या तारखेशी जुळवून घेतो तो झेंडू, पण त्याच्यामागे केवढी उस्तवार! बी टाकल्यापासून रोप लावणीला यायला जवळपास महिना, लावणीनंतर फूल हाती यायला सुमारे दोन महिने. म्हणजे दसऱ्याचा हिशोब तीन महिने आधी मांडायचा. २ ऑक्टोबरच्या दसऱ्यासाठी जुलैच्या सुरुवातीलाच गादीवाफ्यावर बी पडायला हवं. गौरीपुढे दिवे लागतात त्या दिवसांत ही माणसं भर पावसात दसऱ्याची रोपं लावत असतात. सरीत पाणी तुंबलं की मूळ कुजतं, आणि वरुणा फुगली की सखल रानाचा भरवसा नाही. लावणीनंतर काही आठवड्यांनी शेंडा खुडतात. त्यानं फांद्या वाढतात आणि फुलणं थोडं लांबतं. कधी खुडायचं, यावर बहर सणात सापडणार की सणामागून येणार हे बरंचसं ठरतं. पंचांग इतक्या बारकाईनं वाचणारा, त्यावर घरची पुंजी लावणारा दुसरा वाचक मला तरी माहीत नाही. बहर पितृपक्षात आला तर मांडवही नाहीत आणि तोरणंही नाहीत, भाव बसलेला. आठ-पंधरा दिवसांवर नवरात्र असतं, पण फूल तेवढे दिवस थांबत नाही.

आणि भाव पडला म्हणून तोडणी थांबवता येत नाही, हे सगळ्यात अवघड. फूल झाडावर सुकू दिलं की झाड बियांच्या मागे लागतं आणि नव्या कळ्या कमी होतात. विकून मजुरीही सुटत नसली तरी तोडावंच लागतं. डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत खरमास असतो, लग्नं बंद. अशा दिवसांतही झेंडू भरात असेल तर घरचे सगळे हात तोडणीला जुंपलेले असतात.

याच थंडीत मोगऱ्याचं काम निघतं. पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा, पानं गळू द्यायची, मग छाटणी, बुंध्याशी खणून शेणखत आणि पहिलं पाणी. फाल्गुन-चैत्रात कळी दिसू लागते. तोवर नव्या वर्षाचं पंचांग घरात आलेलं असतं; त्यात आधी पाहायचा तो दसरा, आणि तिथून तीन महिने मागे मोजत यायचं.