‘बहुतेक’ म्हणजे काय बे?

‘बॅकअप घेतलाय बहुतेक, सर.’ बहुतेक? महिन्याचा पगारही बहुतेकच मोजून घेतोस का?

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या चादरीच्या कारखान्याचा सर्व्हर आहे तो. ऑर्डरी, येणी-देणी, मागावरच्या माणसांची हजेरी, सगळं त्या एका डबड्यात. सेंटओएस ७ चा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला. तेव्हापासून तुझं आपलं ‘करू की, करू की’. आणि काल रात्री अकराला एकदम अपग्रेडचं अंगात आलं! बॅकअप कुठाय विचारलं, तर दाखवलास त्याच सर्व्हरवर, त्याच डिस्कवर. घराची दुसरी किल्ली घरातच ठेवून कुलूप लावणारा शहाणा!

वर तोंड करून म्हणतोस, रेड आहे की. अरे, एक डिस्क मेली तर रेड तारेल. तू चुकून फाइल उडवलीस, तर ती दोन्ही डिस्कवरून इमानदारीत उडेल. हे तुला ठाऊक नाही? ज्युनिअर पोरांना हेच फळ्यावर काढून कोण समजावत होतं?

मग फाइल बघितली. शून्य बाइट. मार्चपासून रोज शून्य बाइट! क्रॉन बिचारा रोज राबतोय आणि तू फक्त तारीख बघून खूश.

गिटलॅबचं तुला पाठ आहे. ३१ जानेवारी २०१७. दमलेल्या इंजिनिअरने भलत्याच सर्व्हरवरचा डेटाबेस उडवला. बॅकअपच्या पाच तऱ्हा, ऐन वेळी एकही कामाची नाही. डेटाबेस ९.६ चा, पीजी-डंप ९.२ चा, डंप रोज फसत होता आणि इशाऱ्याच्या मेल पोचतच नव्हत्या. वाचवलं ते सहा तास आधी कुणीतरी हाताने घेतलेल्या स्नॅपशॉटने. त्यांची ही गत, तर तू कुठला टिकोजीराव?

वेळ नव्हता म्हणे. गड्ड्याच्या जत्रेतले फोटो त्याच रात्री लॅपटॉपवर उतरवलेस. शिवाय पेन ड्राइव्हवर. पाळण्यातली तुझी थोबाडं दोन ठिकाणी जपून आणि कामगारांची हजेरी देवाच्या भरवशावर?

आता मुकाट्याने कर. डेटाबेसचा डंप, ईटीसी फोल्डर, क्रॉनच्या नोंदी, सगळं बाहेरच्या डिस्कवर. मग तो डंप दुसऱ्या मशीनवर चढव. गेल्या महिन्याचं एक बिल उघड, रक्कम कागदाशी ताडून बघ. जुळली की मला फोन. तोवर अपग्रेडला हात लावायचा नाही.

दोन टीबीची डिस्क माझ्या टेबलावर काढून ठेवलीय. नेताना वहीत सही कर.